सिस्टरचा हात



१९९० च्या सुमारास मी मुंबईतल्या एका रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. आमच्या वॉर्डात एचआयव्हीचा एक रुग्ण आला. त्याची खाट कोपऱ्यात गेली. जेवणाचे ताट लांबूनच सरकवले जाई. आम्ही डॉक्टरही दोन हात अंतर राखून उभे राहत असू. एक वयस्क सिस्टर मात्र रोज शेजारी बसून, हातमोजे न घालता त्याची नाडी पाहत. चौथ्या दिवशी तो बोलला. बायकोचीही तपासणी व्हायला हवी, हे त्याने आम्हाला नाही, सिस्टरना सांगितले.

आपल्या सॅन फ्रान्सिस्कोत हे आधीच घडले होते. १९८३ मध्ये तिथल्या जनरल हॉस्पिटलात क्लिफ मॉरिसन या परिचारकाच्या पुढाकाराने वॉर्ड ५बी सुरू झाला. तिथल्या परिचारिका स्वखुशीने आल्या होत्या. रुग्णाचा हात हातात घ्यायचा, आणि त्याचे घरचे कोण हे त्यालाच ठरवू द्यायचे, ही तिथली रीत.

तेव्हा औषध नव्हते. आज आहे. रोज गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तरीही लाजेपोटी माणसे उशिरा येतात. इथेच सिस्टरचे काम मोठे. ती दोष न देता विचारते, गुपित राखते, तारीख चुकली तर फोन करते. विमा नसेल, तर १९९० च्या रायन व्हाइट कायद्यातून मिळणाऱ्या मदतीची वाट दाखवते. भारतात सरकारी केंद्रांत हे औषध २००४ पासून मोफत आहे, आणि २०१७ च्या कायद्याने भेदभावाला बंदी आहे.

एका पंगतीत बसून, एका ताटातला प्रसाद घेऊन किंवा गळाभेट घेऊन एचआयव्ही होत नाही. १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाने एकदा तरी तपासणी करावी, असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. मधुमेहाची करतो तशीच ही करावी.

आवाहन : आपल्या मंडळींत अनेक परिचारिका आहेत. मराठीतून धीर द्यायला महिन्यातला एक तास द्याल का? इतरांनी रुग्णांच्या दवाखान्यातल्या जाण्यायेण्यासाठी सेवा निधीत यथाशक्ती भर घालावी. मदत घेणाऱ्याचे नाव कुठेही लिहिले जाणार नाही.