वेळासची कासवे आणि ग्रामस्थांचे कसब
मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणास आरंभ केला. आणि जी अंडी पूर्वी कोल्ह्याकुत्र्यांच्या व माणसांच्या तावडीत सापडत, ती पहाटेच्या गस्तीत हुडकून, कुंपणाच्या बंदोबस्तात मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात पुरून, सुमारे ५० दिवसांनी निघणारी पिले समुद्राकडे सोडण्याचे कसब गावातील तरुणांनी आत्मसात केले. पुढे ही पिले पाहायला येणाऱ्यांसाठी भरू लागलेल्या कासव महोत्सवामुळे घरोघरी पाहुण्यांच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था होऊन गृहिणींच्या हाती, हंगामी का होईना, स्वकष्टार्जित पैसा आला. तथापि आपल्या श्रमांची दखल घेतली जाते या जाणिवेतून लाभणारे मनःस्वास्थ्य मला त्याहूनही मोलाचे वाटते. वेळासला जाल तेव्हा मुक्काम गावातच करा आणि पिलांवर विजेरीचा प्रकाश टाकू नका, ही कळकळीची विनंती.