खोली दीडशे फुटांची, भाव तीनशेचा

लोअर परळ स्टेशनबाहेर पडा आणि कुठल्याही जुन्या गल्लीत शिरा. एका बाजूला चाळ, दुसऱ्या बाजूला मान वाकडी करून बघावा लागणारा टॉवर. चाळीतल्या दीडशे चौरस फुटांच्या खोलीची भाडेपावती महिन्याला शंभर-दोनशे रुपयांची. समोरच्या टॉवरमधल्या फ्लॅटचं भाडं लाखाच्या वर. मध्ये अंतर किती? एक वडापावची गाडी आणि ओळीने लावलेल्या चार स्कूटर. जमीन तीच, पाऊस तोच, लोकलही तीच. मग भाड्यात पाचशेपट फरक आला कुठून?

थांबा, खरं नवल पुढेच आहे. ती दीडशे रुपये भाड्याची खोली विकली जाते आणि तिला लाखांत पैसे मोजले जातात. विकणारा तिचा मालक नसतो. घेणाराही मालक होत नाही. तरी गिऱ्हाईक आहेच! वस्ती पालटू लागली की तिथे भाड्याने द्यायला जागा घेऊन ठेवावी, असं शहाण्या गुंतवणूकदाराला जगभर वाटतं. पण मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ-लोअर परळच्या या जुन्या कापडगिरण्यांच्या भागात, हा व्यवहार ज्या वळणांनी जातो, तशी वळणं दुसरीकडे क्वचितच सापडतील.

सुरुवात एका तारखेपासून करू. १ सप्टेंबर १९४०. दुसरं महायुद्ध पेटलेलं, मुंबईत माणसांची रीघ, घरमालक भाडं वाढवायला टपलेले. पुढे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याने सांगितलं, १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. कायदा तात्पुरता होता. मुदत वाढत गेली, वाढत गेली आणि हा तात्पुरता कायदा पन्नास वर्षांहून जास्त जगला. भाजी, कापड, सोनं सगळं महागलं. खोलीचं भाडं मात्र युद्धकाळात गोठलं ते तसंच. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, इतकी वर्षं भाडी गोठवून ठेवणं आता मनमानी ठरतं. नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याने वाढ किती दिली? वर्षाला चार टक्के. म्हणजे २००० साली पन्नास रुपये असलेलं भाडं चक्रवाढीने धरलं, तरी पंचवीस वर्षांनी एकशे तेहतीस रुपये!

आता घरमालकाच्या जागी बसून बघा. चाळीस खोल्यांचं महिन्याचं भाडं गोळा करून जिन्याच्या चार पायऱ्यासुद्धा बदलता येत नाहीत. तो दुरुस्ती कशाला करेल? चाळी खचू लागल्या, पावसाळ्यात कोसळू लागल्या. मग १९६९ च्या कायद्याने सरकारनेच दुरुस्ती मंडळ काढलं आणि खर्चासाठी इमारतींवर उपकर बसवला. 'सेस बिल्डिंग' हा मुंबईकरांच्या तोंडातला शब्द तिथला. सुरुवातीला अशा इमारती एकोणीस हजारांवर होत्या.

भाडं गोठलं, पण जागेची किंमत गोठली नव्हती. ती कुठून तरी बाहेर पडणारच. ती पडली पागडीतून. भाडेकरू खोली सोडताना नव्या माणसाकडून रक्कम घेतो, त्यातला ठरलेला हिस्सा, बहुतेकदा तिसऱ्या भागाच्या आसपास, घरमालकाला देतो आणि घरमालक नव्या नावाने भाडेपावती फाडतो. झालं हस्तांतर! कित्येक वर्षं हे सगळं बेकायदा आणि राजरोस चालू होतं. १९९९ च्या कायद्याने पागडी घेण्याला मान्यता दिली. ती भाडेपावती एकदा हातात घेऊन बघा. पिवळा पातळ कागद, घरमालकाचं नाव, खोली क्रमांक, भाडं, दुरुस्ती उपकर, खाली सही. या चिठोऱ्यावर लाखांचा व्यवहार उभा राहतो.

पण गळक्या छपराच्या, सार्वजनिक संडासाच्या खोलीला लाखांत पैसे का मोजायचे?

कारण खरेदी त्या खोलीची नसतेच. ती असते अजून न बांधलेल्या घराची. मुंबईत १९६४ पासून प्रत्येक भूखंडावर किती बांधायचं याचं माप ठरलेलं आहे, त्याला आपण एफएसआय म्हणतो. शहर भागात ते साधारण १.३३, म्हणजे हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तेराशे तीस चौरस मीटर बांधकाम. सेस बिल्डिंग पाडून पुन्हा बांधली, तर विकास नियमावलीतला ३३(७) हा नियम लागतो आणि माप वाढतं. बदल्यात बिल्डरने प्रत्येक जुन्या भाडेकरूला फुकट घर द्यायचं, निदान तीनशे चौरस फूट कार्पेट. उरलेलं बांधकाम तो बाजारभावाने विकतो. वरच्या मजल्यावरून समुद्र बघण्याचे पैसे मोजणारा अनोळखी माणूस खालच्या मजल्यावरच्या चाळकऱ्यांच्या घरांचा खर्च उचलतो. सरकारी तिजोरीतून दमडी जात नाही. हवेतल्या मजल्यांनी जमिनीवरची माणसं सांभाळायची! कल्पना कुणाचीही असो, अचाट आहे.

म्हणून दीडशे फुटांची खोली विकत घेणारा मनात तीनशे फुटांचा हिशेब मांडत असतो. या हिशेबात एक तारीख दबा धरून बसलेली आहे, १३ जून १९९६. त्या दिवशी किंवा त्याआधी इमारतीत ज्या भाड्याच्या खोल्या होत्या त्याच पुनर्विकासात धरल्या जातात. नंतर खोलीत फळी ठोकून एकाच्या दोन केल्या, व्हरांडा बंद करून तिसरी काढली, तर त्यांना घर मिळत नाही. अशा 'अर्ध्या' खोल्या आजही विकायला निघतात आणि घेणाऱ्याच्या हाती येते फक्त फळी.

दुसरा गमतीचा पेच बघा. तुम्ही खोली घेतली ती भाड्याने द्यायला. पण पागडीची खोली घेतली म्हणजे तुम्ही स्वतः भाडेकरू झालात. भाडेकरूने मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, तर त्याला काढता येतं. बरं, खोलीला कुलूप लावून पुनर्विकासाची वाट बघत बसायचं? सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर तेही काढण्याचं कारण. म्हणजे द्यायची नाही आणि रिकामीही ठेवायची नाही! भाड्याच्या उत्पन्नासाठी पागडीची खोली घेणाऱ्याने निघण्याआधी हे कलम भिंतीवर लिहून ठेवावं.

मग सरळ ओनरशिपचा फ्लॅट घ्यावा. तिथला मार्ग 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे भाडेकरार नाही, वापरायची परवानगी. त्यामागेही एक भूकंप आहे. भाडेनियंत्रणातून सुटायला लोकांनी ही परवानगीची युक्ती काढली होती. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे जे परवानगीने राहत होते ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. काल पाहुणा होता, आज हलवता येईना! घरमालकांनी जी धास्ती घेतली ती पुढच्या पिढीत उतरली. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी निघाली. ज्या शहरात माणसं फुटपाथवर झोपतात त्या शहरात! सगळ्या कुलपांमागे भीतीच होती असं नाही, पण तिचा वाटा मोठा. आजचा कायदा घरमालकाला पुष्कळ बळ देतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट दराने नुकसानभरपाई. एकच अट, करार नोंदवलेला हवा. नोंदवला नसेल, तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो.

आता कागद-पेन्सिल घेऊ. समजा, परळमधला एक जुना वन रूम किचन दीड कोटींना मिळाला आणि भाडं येतं चाळीस हजार. मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे नऊ लाख. नोंदणी वगैरे धरून एक कोटी साठ लाखांच्या घरात पैसे गेले. वर्षातला एक महिना जागा रिकामी, एक महिन्याचं भाडं ब्रोकरला, मेंटेनन्स महिना पाच हजार. हातात उरले तीन लाख चाळीस हजार. टक्के किती? जेमतेम दोन आणि थोडे. बँकेत मुदत ठेवीत पैसे नुसते ठेवले असते, तर याच्या जवळजवळ तिप्पट मिळाले असते. एक कोटीचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं असेल, तर हप्ता शहाऐंशी हजारांच्या वर. 'भाड्यातून हप्ता निघतो' हे वाक्य ब्रोकर लोक ज्या आत्मविश्वासाने म्हणतात, त्याला दाद द्यावी. हप्ता अर्धासुद्धा निघत नाही.

तरी लोक घेतात. वेडे आहेत का? नाहीत. गाय दुधासाठी घेतली असं सांगतात, पण किंमत मोजलेली असते वासराची. भाडं हे दूध. जागेचा भाव वाढेल, इमारत पाडली जाईल, मोठं घर मिळेल, हे वासरू.

या वासराचं गणित १९७९ मध्ये नील स्मिथ नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाने मांडलं. एखादी जमीन आज जे कमावते आणि तिचा सगळ्यात किफायतशीर वापर केला तर जे कमावू शकेल, यांत दरी असते. वस्ती जुनी होत जाते, दुरुस्ती थांबते, आजची कमाई घसरते. आजूबाजूचं शहर मात्र वाढत राहतं, म्हणून शक्य असलेली कमाई चढते. दरी पुरेशी रुंद झाली की पैसा धावत येतो. स्मिथसमोर पाश्चात्त्य शहरं होती. आपल्याकडे भाडेकायद्याने एका बाजूची कमाई साठ वर्षं दाबून धरली आणि शेजारीच गिरण्या बंद पडल्या. याहून रुंद दरी पाहिजे तर मुद्दाम खणावी लागेल!

गिरण्यांचं काय झालं ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि बहुतेकांचं काम कधी परत आलंच नाही. साठेक गिरण्यांची सहाशेच्या आसपास एकर जमीन शहराच्या मधोमध उरली. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे करायचे ठरवले, एक पालिकेला, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची उरली. गिरणी उभी होती ती जागा वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मुंबईचं सर्वांत मोठं नुकसान या एका बदलाने झालं.

ती दरी किती पैशांची? मुंबई टेक्स्टाइल मिलची साधारण सतरा एकर जमीन डीएलएफने २००५ मध्ये लिलावात ७०२ कोटींना घेतली. २०१२ मध्ये तीच लोढा समूहाला सुमारे २,७२७ कोटींना विकली. मधल्या सात वर्षांत तिथे एकही भाडेकरू राहायला आला नाही. किंमत जवळजवळ चौपट!

आणि या सगळ्यात राहणारा माणूस? गिरणीच्या दिवसांत एका गाळ्यात दहा-पंधरा जण राहायचे. कोकणातून, घाटावरून आलेले. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर अंग टाकायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे. भाडं खोलीचं नव्हे, पथारीचं. आज त्याच परिसरात तरुण मुलंमुली पीजीमध्ये बंक बेड भाड्याने घेतात, डबा लावतात आणि रात्रपाळीचा माणूस सकाळी झोपतो. शंभर वर्षांनी जागेचा सगळ्यात किफायतशीर वापर फिरून पथारीवरच आला. आणखी एक उलथापालथ अशी, की ज्या चाळकऱ्याला पुनर्विकासात घर मिळालं, तो मेंटेनन्सचा आकडा बघून पुष्कळदा ते भाड्याने देतो आणि आपण डोंबिवली-विरारला जातो. तीन पिढ्यांचा भाडेकरू ताबा मिळाला त्याच महिन्यात घरमालक!

तेव्हा घ्यायचीच असेल जागा, तर आधी आपल्याला दूध हवंय की वासरू ते ठरवा. दरमहा भाडं हवं असेल, तर गिरणगाव सोडा. वाढीव भाव हवा असेल, तर दहा-पंधरा वर्षं लागणार नाहीत असे पैसे लावा, कारण चाळ पाडल्यावर अर्धवट पडलेले प्रकल्प आणि संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली माणसं याच शहरात आहेत. आणि बयाणा देण्याआधी भाडेपावतीवरचं नाव आणि खोली क्रमांक दुरुस्ती मंडळाच्या भाडेकरू यादीशी ताडून घ्या. १३ जून १९९६ च्या यादीत ती खोली नसेल, तर कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.