थांबला तिथेच दोष असतो का?

समजा तुम्ही नागपूरच्या रोजच्या कमाल तापमानाची नोंद संगणकात ठेवली आहे. दर दिवसाची एक फाईल. १ जानेवारी २०२१ पासून तीन वर्षांच्या १०९५ फायली झाल्या. तुमचा पायथन भाषेतला प्रोग्रॅम एकेक फाईल उघडतो, आकडा वाचतो आणि उघडलेली फाईल एका यादीत ठेवून पुढे जातो. १९ ऑक्टोबर २०२३ च्या फाईलीपाशी मात्र तो बंद पडतो. पडद्यावर तक्रार उमटते, 'टू मेनी ओपन फाइल्स'.

ही फाईल बिघडली असेल, पुसून टाकावी, असे वाटते ना? थांबा! ती फक्त बाजूला ठेवून पहा. आता प्रोग्रॅम २० ऑक्टोबरच्या फाईलीपाशी अडतो. म्हणजे एक चांगले निरीक्षण आपण हकनाक फेकून देणार होतो.

मग दोष कोठे आहे? सायकल स्टँड आठवा. बिल्ले ठरावीक असतात. सायकल नेताना कोणी बिल्ला परत केलाच नाही, तर बिल्ले संपतात आणि नंतर येणारा विनाकारण परत जातो. लिनक्स प्रणालीत एका प्रोग्रॅमला बहुधा असे १०२४ बिल्ले मिळतात. त्यांपैकी तीन कळफलक, पडदा आणि चुकांचे संदेश यांसाठी आधीच गेलेले असतात. उरले १०२१. म्हणून १०२२ वी फाईल, म्हणजेच १९ ऑक्टोबरची, अडली. चूक पहिल्या फाईलीपासूनच होती, कारण उघडलेली एकही फाईल आपण बंद केली नव्हती.

अशी चूक शोधायची तर मोजावे. 'एलएसओएफ' ही आज्ञा उघड्या फायलींची नावे दाखवते. शंभर फायली वाचून झाल्यावर एकदा मोजा, दोनशे झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा वाढतच असेल, तर त्या नावांच्या फायली प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीत उघडल्या ते पहा आणि तेथे बंद करण्याची आज्ञा आहे का ते तपासा. पायथनमध्ये २००६ पासून 'विथ' ही सोय आहे. तिच्यामुळे मध्येच चूक झाली तरी फाईल आपोआप बंद होते. लिहिण्याच्या फाईलीत तर हे फारच महत्त्वाचे. मजकूर आधी स्मृतीत साठतो. फाईल बंद होण्यापूर्वी वीज गेली, तर शेवटच्या ओळी नाहीशा होऊ शकतात.

साठत गेलेल्या चुकीने मंगळावरच्या 'स्पिरिट' या गाडीलाही जानेवारी २००४ मध्ये अडवले होते. तिच्या फायली उघड्या राहिल्या नव्हत्या, पण इतक्या साचल्या होत्या की त्यांची यादी ठेवायला स्मृती पुरेना आणि संगणक पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून कारण शोधले, जुन्या फायली पुसल्या आणि गाडी पुढे सहा वर्षे काम करीत राहिली.

शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल, तर वाचलेल्या आणि उघड्या राहिलेल्या फायलींचा आलेख काढा. 'विथ' वापरण्यापूर्वी आणि नंतर ती रेषा कशी दिसते, ते स्वतःच पहा.