वास केंद्राचा, मोजणी भलत्याचीच

उन्हाळा चढला की खानदेशातल्या लहान नद्यांत वरून येणारे पाणी आटते आणि गावातून उतरणारे तेवढे उरते. पाचोऱ्याची हिवरा घ्या किंवा धुळ्याची पांझरा, पहाटे पुलावर पाणी दिसण्याआधी वास गाठतो. यावर उपाय म्हणून कुठल्याही गावात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले की तक्रार संपत नाही, तिची जागा बदलते. आता केंद्राच्या कुंपणालगतची घरे बोलू लागतात. मग नगरपरिषद ठरवते की बाहेरची लॅब बोलावून हवा तपासून घ्यायची. लॅबची माणसे येतात, यंत्रे लावतात, रिपोर्ट देतात. रिपोर्टात सगळे मर्यादेत असते आणि वास तिथल्या तिथे असतो. लोक म्हणतात, पैसे खाल्ले.

असे दर वेळी नसते. पुष्कळदा रिपोर्ट खरा असतो, पण तो न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. तज्ज्ञ बाहेरून आणता येतो. त्याने काय, कुठे आणि किती वाजता मोजायचे हे मात्र केंद्र चालवणाऱ्यालाच सांगावे लागते, आणि तेच सांगितले जात नाही. त्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज आहेत.

‘हे पाण्याचे काम, हवेचा इथे काय संबंध?’

या समजाला थोडा कागदी आधार आहे. केंद्र सरकारने 13 ऑक्टोबर 2017 रोजी सांडपाणी केंद्रांसाठी जे निकष अधिसूचित केले, त्यांत सामू, बीओडी, तरंगते घन पदार्थ आणि मैल्यातले जिवाणू, एवढेच आहे. हवेचा आकडा त्यात नाही. पण 1981 चा वायू कायदा केंद्राच्या फाटकापाशी थांबत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात पाण्याच्या अटींबरोबर हवेच्याही अटी असतात. जनरेटरची चिमणी त्यात येते.

खुद्द पाणीही हवेत बरेच काही सोडते. गटारातले पाणी प्राणवायूशिवाय पडून राहिले की त्यातले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. गाळातून मिथेन निघतो. गोबर गॅस ज्याच्या दारी आहे त्याला हे समजवावे लागत नाही.

आपल्या भागात हे जास्त होते, आणि याचे कारण घराघरात आहे. गिरणा धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या गावांत नळ रोज येत नाही. वापराचे पाणी कमी, म्हणून गटारातला प्रवाह मंद, म्हणून मैला वाटेतच कुजतो. त्यात मे महिन्याचा पंचेचाळीस अंशांचा तडाखा. उष्णतेने जिवाणूंचा वेग वाढतो आणि पाण्याची वायू धरून ठेवण्याची ताकद घटते. पाणी केंद्रात पोचते तेव्हा वायूने भरलेले असते. सामू 7 असला तर विरघळलेल्या सल्फाइडचा साधारण निम्मा भाग उडून जायला तयार असलेल्या वायूच्या रूपात असतो. सामू 6 वर आला की जवळपास नव्वद टक्के. असे पाणी पहिल्या चेंबरमध्ये उंचावरून आदळले की तो वायू तिथेच सुटतो. म्हणून बऱ्याच केंद्रांत वासाचे मूळ हवा फुंकण्याच्या मोठ्या टाकीत नसते, आत शिरतानाच्या त्या चार हातांच्या चेंबरमध्ये असते.

‘हवेचे बारा घटक तपासले, आता काय राहिले?’

नोव्हेंबर 2009 मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय हवा मानकांत बारा घटक आहेत: धूळ दोन प्रकारची, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेंझीन, बेंझोपायरीन, शिसे, आर्सेनिक, निकेल. हायड्रोजन सल्फाइड या यादीत नाही. म्हणजे ज्या वायूमुळे तक्रार झाली, तो न मोजताही ‘सर्व मानकांनुसार’ असा रिपोर्ट मिळू शकतो. कामाच्या आदेशात ‘सभोवतालची हवा तपासणे’ एवढेच लिहिले असेल तर लॅब हीच यादी तपासणार, आणि त्यात तिची चूक नाही.

तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा जवळ ठेवावा. हायड्रोजन सल्फाइडच्या वासाचा त्रास होऊ नये म्हणून अर्ध्या तासाची सरासरी घनमीटरला 7 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे ती सांगते. आपल्या मानकांत अमोनियाची चोवीस तासांची मर्यादा 400 मायक्रोग्रॅम आहे. दोन्ही आकड्यांचे माप किती वेगळे आहे ते यावरून कळेल. वासाच्या प्रश्नावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2008 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. कामाचा आदेश लिहिणाऱ्याने निदान ती चाळावी.

‘एनएबीएलचा शिक्का आहे ना, मग झाले’

एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ. त्याची मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही. ती कोणत्या घटकासाठी, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या टप्प्यापर्यंत आहे, याची यादी प्रमाणपत्राला जोडलेली असते. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत उत्तम असलेल्या लॅबकडे चिमणीतल्या धुराची मान्यता नसूही शकते. निविदेसोबत प्रमाणपत्राचे पहिले पान न मागता ही यादी मागवावी आणि आपला घटक त्यात बोटाने दाखवायला सांगावा. पर्यावरण संरक्षण कायद्याखालची मान्यता ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींच्या तारखाही बघाव्यात, कारण मान्यता ठरावीक मुदतीची असते.

‘लॅबचा रिपोर्ट म्हणजे सरकारी पुरावा’

नाही. आपण पैसे देऊन करून घेतो ती स्वतःची देखरेख. खटल्यात चालणारा नमुना निराळा. वायू कायद्याच्या कलम 26 प्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी तिथल्या तिथे नोटीस देतो, केंद्र चालवणाऱ्यासमोर नमुना घेतो, भांडे सीलबंद होते आणि दोघांच्या सह्या होतात. त्या वेळी नमुना राज्य वायू प्रयोगशाळेकडे पाठवा, अशी मागणी करण्याचा हक्क केंद्राला आहे. ही रीत पाळली नाही तर तो निकाल पुरावा म्हणून चालत नाही. मंडळाच्या जळगावच्या उपप्रादेशिक कार्यालयातून माणूस आला म्हणजे तो आपली लॅब रद्द करायला आला असे नाही. दोन्ही कामे शेजारी शेजारी चालतात.

‘सगळ्यांत कमी दर तोच बरा, मोजायचे यंत्र सारखेच’

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो.

चिमणीतली धूळ मोजताना नळीच्या तोंडातून हवा ज्या वेगाने ओढायची, तो वेग चिमणीतल्या धुराच्या वेगाइतकाच असावा लागतो. जोरात ओढले तर बारीक कण जास्त खेचले जातात आणि धूळ आहे त्यापेक्षा कमी दिसते. हळू ओढले तर उलटे. त्यासाठी आधी धुराचा वेग आणि तापमान मोजावे लागते, आणि चिमणीच्या आत एकाऐवजी अनेक बिंदूंवर नळी फिरवावी लागते. भारतीय मानक 11255 मध्ये हे सगळे भागवार दिले आहे. नीट काम करायला वेळ लागतो. वीस मिनिटांत धूर मोजून निघून गेलेल्या माणसाचा दर कमी असणारच.

पण लॅबला दोष देण्याआधी आपली चिमणी बघावी. नमुन्याचे छिद्र शेवटच्या वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट पुढे आणि तोंडापासून दुप्पट खाली असावे, असा संकेत आहे. पंधरा सेंटिमीटरची चिमणी असेल तर सलग दीड मीटर सरळ भाग हवा. केंद्रातल्या जनरेटरला अनेकदा छिद्रच नसते, शिडी नसते, उभे राहायला जागा नसते. मग तज्ज्ञ शेवटच्या टोकाला नळी लावतो. जनरेटरच्या चिमणीच्या उंचीचाही नियम आहे: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाचा पाचवा भाग मिळवायचा. 100 केव्हीएचा जनरेटर असेल तर छपरावर दोन मीटर. हे गणित शाळेतल्या मुलालाही येईल, त्यासाठी बाहेरचा माणूस लागत नाही. छिद्र, शिडी आणि कठडा ही कामे निविदेच्या आधी गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यावीत.

आणि चिमणीच नसेल तर? उघड्या टाकीवर, गाळ वाळवायच्या वाफ्यांवर चिमणीची यंत्रे निरुपयोगी. तिथे पाण्याच्या किंवा गाळाच्या पृष्ठभागावर घुमटासारखे झाकण ठेवून त्यातून ठरावीक हवा फिरवतात आणि ती तपासतात. सातारा जिल्ह्यातली वाई आणि नाशिक जिल्ह्यातले सिन्नर या दोन लहान गावांनी सेप्टिक टँक ठरलेल्या वेळापत्रकाने उपसण्याची पद्धत सुरू केली, आणि तो मैला प्रक्रियेसाठी केंद्रात जाऊ लागला. वाईच्या केंद्रात गाळावर उष्णतेची प्रक्रिया आली. जिथे उष्णता तिथे धूर, आणि तिथे चिमणीची तपासणी लागते. जिथे गाळ नुसता उन्हात वाळतो तिथे झाकणाची. दुसऱ्या गावाची निविदा उतरवून काढली की ही गफलत ठरलेली.

‘रिपोर्टवर बीडीएल आहे, म्हणजे शून्य’

बीडीएल म्हणजे लॅबच्या पद्धतीला जेवढे कमीत कमी दिसू शकते त्याच्या खाली. ते किमान माप आकड्यात छापलेले नसेल तर त्या तीन अक्षरांना अर्थ नाही. नाकाला जे कळते त्यापेक्षा लॅबचे किमान माप मोठे असेल, तर लोकांना वास येत असतानाही कागदावर बीडीएलच येणार.

वेळेचेही तसेच. नाशिकहून निघालेली गाडी पाचोऱ्यात पोचेपर्यंत ऊन वर आलेले असते. जमीन तापून हवा वर उठते आणि वास विरून जातो. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते, वारा पडलेला असतो आणि वास घरात शिरतो. तक्रार पाच वाजताची आणि नमुना दुपारी बाराचा, तर दोघेही आपापल्या जागी खरे. शेजाऱ्यांना एक वही द्यावी: तारीख, वेळ, वारा कुठून. महिनाभराची ती वही लॅबच्या हातात ठेवली की नमुन्याची वेळ आपोआप ठरते. माणसे आदल्या रात्री मुक्कामाला येतील ही अट आदेशात लिहावी, तिचे पैसेही द्यावेत.

‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’

हा गैरसमज जीव घेतो.

हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असतो तेव्हा नाक त्याला अब्जांत काही भाग इतक्या कमी मात्रेतही ओळखते. दहा लाखांत शंभर भाग झाला की काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते, हवा सुटली. सातशे ते हजार भागांपर्यंत गेला तर एकदोन श्वासांत शुद्ध हरपते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सांडपाणी जमा होणाऱ्या संपच्या तळाशी बसतो, आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. खाली पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो.

लॅबचा तीन महिन्यांपूर्वीचा ‘मर्यादेत’ रिपोर्ट इथे कवडीच्या कामाचा नाही. तो कुंपणावरच्या हवेचा होता, संपच्या तळाचा नव्हता, आणि आजचाही नव्हता. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याखालच्या नियमांत सक्शन वेलच्या तळाशी बसवलेला सबमर्सिबल पंप काढणे यासारख्या मोजक्याच कामांना माणूस उतरवण्याची मुभा आहे, तीही संरक्षक साधनांसह. गटारात माणूस मेला तर 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी ठरवले. त्याआधी ती 10 लाख होती.

म्हणून केंद्राकडे स्वतःचा चार वायूंचा मीटर असलाच पाहिजे: प्राणवायू, पेट घेणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. तो कपाटात कुलपात नको, पाळीवरच्या ऑपरेटरच्या हातात हवा. बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून घ्यायचे खरे काम हे, की त्याने येताना हा मीटर तपासून, जुळवून द्यावा आणि ऑपरेटरला वापरायला शिकवावे. पंप काढायचा असेल तर आधी झाकणे उघडून पंख्याने हवा भरायची, मग दोरीने मीटर वर, मध्ये आणि तळाशी सोडून वाचायचा. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांखाली किंवा हायड्रोजन सल्फाइड दहा पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दहा भाग, दिसला तर कोणी उतरत नाही. उतरलेल्याच्या अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वरच्या तिपाईला. आणि मीटर विषारी वायू शून्य दाखवत असला तरी वरचा माणूस चहालासुद्धा जागा सोडत नाही.