महागड्या घराला जास्त घरफाळा : शिरोलीत हिशेब कसा बसतो, वाद कशाचा?

शिरोली एमआयडीसी : महामार्गाला लागून गुंठ्याचा भाव ऐकला की इथला माणूस लखपती वाटतो. प्रत्यक्षात शेत कमी झालेलं, पोरगं कुठल्या तरी फौंड्रीत कामाला आणि हातात घरफाळ्याचं बिल. ज्याचं घर महाग त्यानं जास्त कर भरावा, हे बोलायला सोपं आहे. पण महाग घर म्हणजे नेमकं कुठलं, तिथं गाडी अडते.

ही चर्चा फक्त शहरातली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ग्रामपंचायतीत आधी क्षेत्रफळावर कर होता, घराच्या किमतीशी त्याचा संबंध नव्हता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ती पद्धत रद्द झाली आणि डिसेंबर 2015 मध्ये शासनानं नवे नियम आणले. तेव्हापासून घरफाळा भांडवली मूल्यावर बसतो.

भांडवली मूल्य म्हणजे काय? रेडीरेकनरच्या दरानं जमिनीची किंमत काढायची. त्यात बांधकामाची किंमत मिळवायची. घर जुनं असेल तर बांधकामाच्या किमतीत घसारा वजा होतो. मग वापराचा भारांक. राहतं घर असेल तर 1, कारखान्याला आणि दुकानाला त्याहून जास्त. जो आकडा येईल त्यावर दर हजारी कर.

कराचा दर बांधकामाप्रमाणं बदलतो. मातीच्या घराला हजाराला 30 ते 75 पैसे, आरसीसीला 1 रुपया 20 पैसे ते 2 रुपये. समजा मातीच्या घराचं मूल्य 2 लाख आलं, तर कर 60 ते 150 रुपये. आरसीसी बंगल्याचं 20 लाख आलं, तर 2,400 ते 4,000. मूल्य दहापट, पण कर किमान दरानं धरला तर चाळीसपट. म्हणजे महागड्या घराला चढा दर ही गोष्ट गावात आधीच लागू आहे. या मर्यादेत नेमका दर कुठला, ते ग्रामपंचायत ठरावानं ठरवते. बिल आल्यावर कार्यालयात जाऊन भांडणारे बरेच असतात, ठरावाच्या वेळी विचारणारे दोन-चारच.

आता अडचण बघा. घरातल्या माणसाची कमाई किती, हे या सूत्रात कुठंच नाही. एमआयडीसीच्या आसपास कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या बांधून दर महिन्याला भाडं घेणारे आहेत. त्यांच्या बांधकामाचं मूल्य कमी, म्हणून कर कमी. आणि पोरांनी कर्ज काढून बांधलेल्या स्लॅबच्या घरात दोन म्हातारी माणसं राहतात, त्यांना जास्त. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळच महामार्ग बंद पडला होता. घराला पुराचा धोका किती, यालाही सूत्रात जागा नाही. घसारा मिळतो तो वयाचा, पाण्याचा नाही.

मुंबईत उलटा वाद आहे. तिथं 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आहे आणि 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना माफी. पण माफी फुटावर मोजली, किमतीवर नाही. त्यामुळं दक्षिण मुंबईतला कोटीच्या घरातला छोटा फ्लॅट सुटतो आणि दहिसरचा 600 फुटांचा, त्याहून स्वस्त फ्लॅट भरतो. ब्रिटननं 2025 च्या बजेटमध्ये 20 लाख पौंडांवरच्या घरांना 2028 पासून जादा कर जाहीर केला. तिथंही पहिली हरकत हीच आली, की पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांनी जुन्या घरात राहायचं कसं.

शिरोलीला यात आणखी एक भीती आहे, हद्दवाढीची. कोल्हापूर महापालिका 1972 मध्ये झाली, पण शहर 66.82 चौरस किलोमीटरच्या जुन्या हद्दीतच राहिलं. हद्दवाढीच्या प्रस्तावात शिरोलीचं नाव आलं की गाव विरोधाला उभं राहतं आणि त्या विरोधात घरफाळा हा मोठा मुद्दा असतो. महापालिकाही भांडवली मूल्यावरच कर लावते, पण तिचे दर वेगळे. ग्रामपंचायतीची हजाराला 2 रुपयांची कमाल मर्यादा शहरातल्या आरसीसी घराला लागू नाही. 2017 मध्ये हद्दवाढीऐवजी 42 गावांचं प्राधिकरण झालं. तरी विषय मिटला, असं गावात कुणी मानत नाही.

तोवर आपला हिशेब तरी बरोबर आहे का, ते बघावं. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा घ्या. त्यात बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, घराचं वय आणि वापर या चार नोंदी तपासा. कौलारू घर आरसीसी म्हणून चढलं असेल किंवा पाडलेली खोली अजून कागदावर असेल, तर कर फुकटचा वाढतो. आकारणी यादी प्रसिद्ध होते तेव्हा लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तिथं ऐकलं नाही तर पंचायत समितीकडं अपील करता येतं. शिरोलीकरांसाठी ती हातकणंगल्याला आहे.