दिवसांचा हिशोब डॉक्टरांनाही सांगा

आपल्या घरातल्या स्त्रिया पाळीच्या दिवसांचा हिशोब ठेवतातच. नमाज कधी सोडायची, गुस्ल कधी करायचा, रमजानचे किती रोजे कजा राहिले, हे त्याशिवाय कळत नाही. हैज कुठे संपतो आणि इस्तिहाजा कुठे सुरू होतो, हा मसला अम्मी मुलीला समजावून सांगते. हनफी मसलकात हैजची कमाल मुदत 10 दिवस, तर कोकणातल्या शाफई घरांत 15 दिवस मानतात.

ही मुदत इबादतीसाठी आहे, तब्येतीसाठी नाही. अजून पंधरा दिवस झाले नाहीत म्हणून गप्प बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. डॉक्टरांच्या दृष्टीने 8 दिवसांपुढे चालणारी पाळी तपासायला हवी. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे, मोठ्या गाठी पडणे, 21 दिवसांच्या आत पुन्हा पाळी येणे, मधेच किंवा पती-पत्नीच्या संबंधानंतर रक्त दिसणे, यातलं काहीही असलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिना चढताना लागणारी धाप आपण वयावर ढकलतो, ती अशी.

हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी रक्त थांबत नसल्याची तक्रार खुद्द पैगंबरांपुढे (स.) मांडली होती. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. हा हैज नव्हे, रगेतून येणारं रक्त आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. मग आपल्याला डॉक्टरसमोर शरम कसली?

सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते सासूबाईंच्या वयाच्या स्त्रियांकडे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवावं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण गर्भाशयाचा कर्करोग असलाच तर तो याच खुणेवरून लवकर सापडतो. ‘पुन्हा हैज सुरू झाला वाटतं’ असं म्हणून महिने घालवू नयेत.

मुलींचं वेगळं. दर महिन्याला दोन दिवस गैरहजर राहणारी मुलगी आम्हा शिक्षकांना हजेरीपटात दिसते. ‘कुंवारी मुलगी, तिला त्या डॉक्टरकडे कशी न्यायची?’ असं आई विचारते. अविवाहित मुलीची आतून तपासणी सहसा करत नाहीत; पोटावरून सोनोग्राफी होते, आईला सोबत थांबता येतं. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा दुखण्याने शाळा बुडत असेल, तर न्यायलाच हवं.

आणखी एक. रमजान किंवा हजसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा तीव्र अर्धशिशी असलेल्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात.

जाताना शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, रक्त किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड लागले आणि चालू औषधं कोणती, एवढं कागदावर लिहून न्यावं. लेडी डॉक्टर हव्या असतील तर नाव नोंदवतानाच तसं सांगावं.