हाकललेल्या पाळकाची मंडळी

लॉस एंजेलिसला लागून असलेल्या हंटिंग्टन पार्कमध्ये, ६ ऑक्टोबर १९६८च्या रविवारी, एका घराच्या दिवाणखान्यात बाराजण उपासनेला जमले. कॉफीचे टेबल ही वेदी, उपदेशकाच्या अंगावर उसना झगा, आणि उपासनेअखेर दानात जमलेले ३ डॉलर १८ सेंट. उपदेशक होते २८ वर्षांचे ट्रॉय पेरी. ते समलिंगी होते आणि आलेल्यांतले बहुतेकही. इलिनॉय सोडले तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तेव्हा समलिंगी संबंध हा गुन्हा होता.

मला थक्क करते ती यातली तारीख. समलिंगींच्या लढ्याचा आरंभ म्हटले की जग न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या उठावाकडे बोट दाखवते. तो झाला जून १९६९च्या अखेरीस. त्याच्या आठ महिने आधीच ही बारा माणसे गुडघे टेकून प्रभुभोजन घेत होती. ज्या धर्माच्या नावाने त्यांना पापी ठरवून बाहेर काढले होते, तो धर्म त्यांनी सोडला नाही आणि त्यावर कोणाची मक्तेदारीही मानली नाही.

पेरींचा जन्म १९४०चा, फ्लोरिडातल्या टॅलाहॅसीचा. पंधराव्या वर्षीच त्यांना बॅप्टिस्ट उपदेशकाचा परवाना मिळाला. पुढे लग्न झाले, दोन मुलगे झाले, कॅलिफोर्नियात एका पेंटेकॉस्टल मंडळीचे ते पाळक झाले. स्वतःबद्दलचे सत्य उघड झाले तेव्हा चर्चने त्यांना पाळकपदावरून दूर केले. संसारही मोडला. मग दुकानातली नोकरी, सैन्यात जर्मनीत काढलेला काळ, आणि १९६८मध्ये एक प्रेम तुटल्यावर आत्महत्येचा प्रयत्न. त्यातून ते वाचले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘द पॅच’ नावाच्या बारवर पोलिसांनी धाड घातली आणि पेरींसोबत आलेल्या तरुणाला पकडून नेले. पहाटे सुटून आल्यावर तो म्हणाला, आपल्यासारख्यांची देवालाही पर्वा नाही. पेरींनी त्या रात्रीची आपली प्रार्थना पुढे अनेकदा सांगितली: तुला असे चर्च हवे असेल तर केव्हा ते मला सांग. उत्तर आले, आता. त्यांनी समलिंगींच्या एका वृत्तपत्रात जाहिरात दिली, आणि मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभे राहिले.

त्यांच्या शिकवणीत पहिल्यापासून तीन गोष्टी होत्या: तारण, एकमेकांचा सहवास आणि समाजासाठी कृती. तिसरी पहिलीइतकीच पवित्र. पाद्री रस्त्यावर उतरतो हे वसईपासून जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या वाचकाला नवे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उतरलेले आपण पाहिले आहेत. पेरींपुढे मात्र आणखी एक अडचण होती. ज्यांच्यासाठी ते उतरत होते, त्यांना नुसते दिवसाउजेडी दिसणेही धोक्याचे होते.

१९७०मध्ये त्यांनी इतर दोघांबरोबर लॉस एंजेलिसमध्ये मोर्चाची परवानगी मागितली. पोलिस आयोगाने १५ लाख डॉलरची हमी मागितली. प्रकरण न्यायालयात गेले, न्यायालयाने मोर्चाला वाट करून दिली, आणि २८ जूनला हॉलिवूड बुलेव्हार्डवर तो निघाला. मोर्चा संपल्यावर पेरी तिथेच रस्त्याकडेला उपवासाला बसले आणि त्यांना अटक झाली. पुढे १९७७मध्ये समलिंगींच्या हक्कांसाठी निधी उभा करायला त्यांनी १६ दिवस उपवास केला. उपोषणाचे बळ आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. एकेकाळचा पेंटेकॉस्टल पाळक तेच हत्यार हातात घेतो, याचे मला फार मोल वाटते.

१९७३ हे वर्ष आगीचे होते. जानेवारीत लॉस एंजेलिसमधली त्यांच्या चर्चची इमारत जळाली. २४ जूनला न्यू ऑर्लिन्समधल्या ‘अपस्टेअर्स लाउंज’ या बारला आग लागली आणि ३२ माणसे दगावली. त्यांत पेरींच्या चर्चचे अनेक सभासद होते, तिथले पाळक बिल लार्सनही होते. पेरी तातडीने विमानाने पोहोचले. मृतांसाठी प्रार्थनेला जागा द्यायलाही शहरातली चर्च कचरत होती. अखेर १ जुलैला सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चने दार उघडले. उपासना संपत आली तेव्हा निरोप आला की बाहेर टीव्हीचे कॅमेरे उभे आहेत. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांच्यासाठी मागचे दार मोकळे आहे. चेहरा दिसला तर नोकरी जाणार, घर जाणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तरीही मागच्या दाराने कोणी गेले नाही. सगळे पुढूनच बाहेर पडले.

आणि आता टोरंटोची गोष्ट. चर्चचा एक जुना रिवाज कायदा कसा हलवू शकतो, हे इतके स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. लग्नाआधी वधूवरांची नावे सलग तीन रविवार चर्चमध्ये जाहीर करायची, कोणाची हरकत असेल तर त्याने उठून सांगायचे, ही प्रथा आपल्याकडच्या चर्चमध्येही आहे. ऑन्टारिओच्या कायद्यानुसार अशी घोषणा झाली असेल तर लग्नासाठी सरकारी परवाना लागत नसे. टोरंटोतल्या मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चचे पाळक ब्रेंट हॉक्स, तेही समलिंगी, यांनी डिसेंबर २०००मध्ये दोन समलिंगी जोडप्यांची नावे वाचली. १४ जानेवारी २००१ रोजी झग्याखाली बुलेटप्रूफ जॅकेट घालून त्यांनी दोन्ही लग्ने लावली. समलिंगी विवाहाचा कायदा जगात सर्वप्रथम लागू झाला तो नेदरलँड्समध्ये, १ एप्रिल २००१ला. म्हणजे ही लग्ने त्याच्याही आधीची. सरकारने नोंद नाकारली, खटला चालला, आणि १० जून २००३ रोजी अपील न्यायालयाने ती लग्ने वैध ठरवून नोंदवायला लावली. पुढच्याच महिन्यात ट्रॉय पेरी आपले जोडीदार फिलिप डी ब्लीक यांच्याशी लग्न करायला टोरंटोला गेले. १९८५पासून दोघे एकत्र होते. मग घरी परतून त्यांनी कॅलिफोर्नियात खटला भरला, आणि २००८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल दिला.

२००५मध्ये पेरी नेतृत्वावरून निवृत्त झाले तेव्हा बाराजणांच्या त्या मंडळीच्या शाखा वीसहून अधिक देशांत होत्या.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा समलिंगींवरचा फास सुटला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने नाकारला आणि विषय संसदेकडे सोपवला. चर्चच्या आतले काम त्या निकालाची वाट पाहत थांबलेले नाही. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि मानवी लैंगिकतेवर पाळकांशी, धर्मविद्यालयांशी मोकळेपणाने बोलण्याचा कार्यक्रम या परिषदेने चालवला आहे. तारण, सहवास, कृती या तिघांपैकी सहवासाची सुरुवात अशा बोलण्यातूनच होते. मराठी मंडळ्यांमध्ये ते अजून फार थोडे झाले आहे आणि ते आत्ताच व्हायला हवे.